लिअर गंगापूर रोडवर

जुन्या शोकांतिकांना आजचे रूप कसे द्यावे, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी नाशिकची पत्रे एकमेकांत इतकी गुंतलेली निघाली की, या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर ज्या गावात राहून लिहीत होते, त्या गावातून नाटकाविषयी पत्रे येणे नवलाचे नाही. नवल इतकेच की, या वेळी पत्रलेखकांना नाटक रंगमंचावर नको आहे, कागदावर आणि तेही चित्रांत हवे आहे.

प्रश्न : मी उपयोजित कलेचे शिक्षण पूर्ण केले असून शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’, म्हणजे गोड बोलणाऱ्या मुलींना राज्य वाटून देऊन निराधार होणाऱ्या म्हाताऱ्या राजाचे नाटक, आजच्या नाशिकमध्ये घडते, अशी कल्पना करून एक ग्राफिक कादंबरी करीत आहे. माझा लिअर गंगापूर रोडकडचा द्राक्षबागायतदार आहे. त्याच्या जमिनीवर आता प्लॉट पडले आहेत आणि त्याला तीन मुली आहेत. मित्रांना कच्ची पाने दाखवली, तेव्हा ते म्हणाले की, आज असे घडणारच नाही. म्हाताऱ्याच्या हातात मोबाइल आहे, कायदा त्याच्या बाजूचा आहे, तो एक अर्ज करील आणि गोष्ट तिथेच संपेल. मूळ नाटकातील अटळपणा आजच्या शहरात कसा आणावा?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुमच्या मित्रांनी नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. शोकांतिकेला आधुनिक करायला निघालेले बहुतेक जण वस्तू बदलतात. तलवारीच्या जागी पिस्तूल येते, राजवाड्याच्या जागी वीस मजली इमारत येते आणि काम झाले असे त्यांना वाटते. खरे तर बदलायचे असते ते बंधन. राजपद, कुळाची आण, देववाणी अशा ज्या गोष्टींनी जुना नायक जखडलेला असतो, त्यांच्या तोडीचे आजच्या माणसाला जखडणारे काय आहे, हे एकदा सापडले की वस्तू आपापल्या जागी येऊन बसतात.

कायद्यापासूनच सुरुवात करू, कारण मला तो तुमच्या कथेतील अडथळा वाटत नाही, उलट तिचा कणा वाटतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाविषयीचा जो अधिनियम २००७ साली झाला, त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण रद्द करून घेण्याचा हक्क देणाऱ्याला आहे. त्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो आणि अशी अट होती हे दाखवावे लागते. आता तुमच्या बागायतदाराची कल्पना करा. साऱ्या पंचक्रोशीने ज्याला ‘दादा’ म्हणून ओळखले, सोसायटीच्या निवडणुका ज्याने फिरवल्या, लग्नसराईत ज्याच्या येण्यासाठी अक्षता खोळंबल्या, त्याने प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयातील बाकावर बसून, नाव पुकारले गेल्यावर उभे राहून, ‘माझ्या मुली मला जेवायला घालत नाहीत’ असे सांगायचे आहे. तो हे सांगणार नाही. अर्ज लिहिलेला असेल, वकिलाने दोनदा फोन केलेला असेल आणि तो अर्ज त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घालून पडलेला असेल. दार उघडे आहे आणि त्यातून बाहेर पडण्याइतका वाकणे त्याला जमत नाही, यापेक्षा अधिक अटळ असे तुम्हाला काय हवे? कायदाच नसता, तर तो केवळ असहाय ठरला असता. कायदा आहे म्हणून तो शोकांतिकेचा नायक ठरतो.

एक काळजी मात्र घ्या. ही जमीन त्याची स्वकष्टार्जित असू द्या. वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा त्यात जन्मतः वाटा आहे आणि मग तुमचा राजा जे आपले नाही तेच वाटत बसेल. त्यातूनही एक वेगळी, कडवट विनोदाची गोष्ट होऊ शकते, पण ती लिअरची गोष्ट नव्हे.

राज्यवाटपाच्या पहिल्या प्रवेशासाठी दरबार शोधायची गरज नाही. गंगापूर रोडवरचे एखादे लॉन्स घ्या आणि तिथे पंच्याहत्तरीचा सोहळा मांडा. फेटे आहेत, पंच्याहत्तर दिव्यांचे औक्षण आहे, ड्रोन फिरतो आहे आणि निवेदक एकेका मुलीला ‘बाबांविषयी दोन शब्द’ बोलायला माइकवर बोलावतो आहे. थोरल्या दोघी तयारी करून आल्या आहेत. धाकटी माइक हातात घेऊन एवढेच म्हणते की, मला जे बोलायचे आहे ते मी घरी बोलेन. शेक्सपिअरची कॉर्डेलिया ‘काही नाही’ म्हणते, त्याला आपल्याकडचा सभ्य पर्याय हाच. मंचामागच्या टेबलावर बक्षीसपत्रांचे मसुदे ठेवलेले आहेत. निवासी किंवा शेतजमीन मुलाला वा मुलीला बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. उभ्या आयुष्याची कमाई २०० रुपयांच्या मुद्रांकावर हातातून जाते, ही गोष्ट संवादात कोणाच्याही तोंडी घालू नका. कागदाच्या कोपऱ्यावरचा तो आकडा एका लहान चौकटीत स्पष्ट दिसला म्हणजे पुरे.

मूळ नाटकात पुढे जो हिशेब येतो, तो तर चित्रकथेसाठीच लिहिला असावा असे मला नेहमी वाटते. लिअरने स्वतःसाठी शंभर सरदार ठेवले आहेत. थोरली ते पन्नासवर आणते, मधली पंचवीस म्हणते, मग दहा, मग पाच आणि शेवटी ‘एक तरी कशाला हवा?’ हे रंगमंचावर केवळ शब्दांत ऐकू येते, कारण तिथे शंभर माणसे उभी करणे कोणत्याच नाटक कंपनीला परवडत नाही. तुम्ही ते दाखवू शकता. एकच दिवाणखाना, एकाच कोनातून, सारख्या मापाच्या सहा चौकटी आखा. पहिलीत ड्रायव्हर, सकाळच्या चहाचे सोबती, भजनी मंडळ, जुना सालगडी आणि दारातला कुत्रा, अशी गर्दी असू द्या. प्रत्येक चौकटीत लेक एक सयुक्तिक, गोड वाक्य बोलेल: गाडीचा विमा फार येतो, सकाळी मुलांचा ऑनलाइन वर्ग असतो, भजनाबद्दल खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. प्रत्येक वाक्यागणिक माणसे कमी होत जातील आणि सहाव्या चौकटीत रिकाम्या सोफ्याच्या टोकाला म्हातारा एकटा उरेल. त्यातला एकही मुद्दा खोटा असता कामा नये, हे महत्त्वाचे. मुली दुष्ट दिसल्या की वाचक सुटतो. त्या बरोबर बोलत आहेत असे वाटले की तो अडकतो.

मोबाइलची भीती तुम्ही विनाकारण घेतली आहे. निरोप न पोहोचल्यामुळे कोसळणारे नाटक ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आहे. तिथे प्लेगच्या संशयाने एका घरात कोंडला गेल्यामुळे फ्रायर जॉन पत्र पोहोचवू शकत नाही आणि आजच्या काळात तो दुवा खरोखरच तुटतो. लिअरमध्ये निरोप पोहोचतात, माणसे ते मानत नाहीत. लिअरचा सरदार ग्लॉस्टर याच्या उपकथानकात त्याचा मुलगा एडमंड भाऊ एडगरविरुद्ध खोटे पत्र रचतो; त्या पत्राच्या जागी तुम्हाला बनावट स्क्रीनशॉट सहज घालता येईल, आणि बाप तो पोराला विचारण्याआधी चार जणांना पाठवील, हेही आजच्या रीतीला धरूनच होईल.

राहता राहिले वादळ. नाशिक म्हटले की, चित्रकाराचा हात आपोआप गोदेच्या पुराकडे, पाण्यात बुडालेल्या दुतोंड्या मारुतीकडे जातो. तो मोह आवरा. पूर साऱ्या शहराचा असतो आणि लिअरचे वादळ एकट्याचे असते. बागायतदाराच्या काळजात धडकी भरवणारे आभाळ म्हणजे घड तयार होत आले असताना होणारी गारपीट. बाग तोडून झाली आहे, टॉवरचा पाया खणला आहे, पण एका कडेला मांडवाचे अँगल आणि तारा अजून उभ्या आहेत. त्या रिकाम्या मांडवाखाली उभा राहून म्हातारा, नसलेल्या द्राक्षांवर पडणाऱ्या गारा शिव्या देत अडवू पाहतो आहे. सोबत फक्त तो सालगडी आहे, जो मूळ नाटकातील विदूषकासारखा थट्टेतून खरे बोलतो. तिसऱ्या अंकानंतर शेक्सपिअरचा विदूषक काहीही न सांगता नाटकातून नाहीसा होतो. तुमचाही होऊ द्या. पुढच्या पानांवर त्याची जागा कोरी ठेवा आणि कोणालाही त्याची चौकशी करू देऊ नका.

शिरवाडकरांनी १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी लिअरचे राज्य मराठी वेशात आणले नाही, तर गणपतराव बेलवलकरांकडून जे हिरावले जाऊ शकत होते तेच राज्य मानले. तुमच्या बागायतदाराचे राज्य जमीन आहे की चारचौघांतली मान, हे पहिले पान पक्के करण्यापूर्वी ठरवा. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षिका आहे. शोकांतिकेचे प्राण तिच्या भाषेत, विशेषतः स्वगतांत असतात. चित्रांमधील फुग्यांत दोन ओळी मावतात, तिथे हॅम्लेटचे स्वगत कसे मावणार? हा प्रकार म्हणजे अभिजात नाटकाला बालवाङ्मयाच्या पंक्तीला बसवणे नव्हे काय?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बाई, बालवाङ्मयाच्या पंक्तीत बसण्यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही, पण आपला मूळ आक्षेप रास्त आहे. हॅम्लेटचे ते प्रसिद्ध स्वगत पस्तीसेक ओळींचे आहे आणि ते एका फुग्यात कोंबले, तर चित्र भिंतीला चिकटते आणि वाचक फुगा ओलांडून पुढे जातो. म्हणून जाणता चित्रकार ते कोंबत नाही, पसरवतो. नट स्वगतात जिथे श्वास घेतो, तिथे चौकट बदलते. दोन वाक्यांमधील विराम रंगमंचावर नटाच्या हातात असतो, इथे तो चौकटीच्या रुंदीत आणि दोन चौकटींमधील पांढऱ्या पट्टीत असतो. शब्दही बरेचसे गाळावे लागतात, हे मान्य करायला हवे. पण गाळणे हे रंगभूमीचेही जुनेच काम आहे, कारण ‘हॅम्लेट’ अखंड केले तर चार तासांच्या आसपास जाते आणि तेवढे ते क्वचितच केले जाते.

शिवाय चित्रकथेला एक गोष्ट अशी करता येते, जी रंगमंचाला अवघड जाते. शब्द एक सांगत असताना चित्र दुसरेच दाखवू शकते. नायक मरणाविषयी विचार करतो आहे आणि चित्रांत तो रविवार कारंज्यावर भाजी निवडतो आहे, सुटे पैसे मोजतो आहे, रिक्षावाल्याशी घासाघीस करतो आहे. शब्द वरच्या आयतात तरंगत राहतात आणि शहर त्यांची दखल घेत नाही. आजच्या माणसाचे स्वगत असेच चालते. त्याला एकांत मिळत नाही.

एका गोष्टीत आपल्यासारख्या भाषेच्या जाणकारांनी या तरुणांना मदत केली पाहिजे, ती म्हणजे अक्षरलेखन. इंग्रजी चित्रकथांतील अक्षरे बहुधा सगळी एका उंचीची असतात आणि ओळी एकमेकींना चिकटून बसतात. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे फुगा त्याच मजकुराला अधिक उंच हवा असतो. हे लक्षात न घेता इंग्रजी मापाच्या फुग्यांत संगणकाचा तयार टंक ओतला, की उकार कापले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाची हत्या होते, जी आपल्याला ‘मॅकबेथ’मधील राजा डंकनच्या हत्येपेक्षा अधिक क्लेशदायक वाटेल याची मला खात्री आहे. याउलट हाताने लिहिणाऱ्याला देवनागरी एक देणगी देते, ती म्हणजे शिरोरेषा. ती मुळातच एक काढलेली रेघ आहे. राग चढत असताना ती जाड होऊ शकते, वृद्धाच्या बोलण्यात थरथरू शकते आणि भ्रमिष्टाच्या वाक्यात अक्षरागणिक तुटू शकते. रोमन लिपीतल्या चित्रकाराला ही सोय नाही.

प्रश्न : शोकांतिकेत रक्तपात असतोच. रंगमंचावर तो काही क्षणांत होऊन जातो, पण छापील चित्र वाचकासमोर कायम राहते. खून किती दाखवावा?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : शक्य तितका कमी, आणि हे सभ्यतेसाठी नव्हे, परिणामासाठी. ग्रीक शोकांतिकेत हत्या बहुधा प्रेक्षकांच्या नजरेआड होत असे. ईडिपसने स्वतःचे डोळे फोडल्याची हकीकत एक सेवक येऊन सांगतो. भरताच्या नाट्यशास्त्रानेही रंगमंचावरील मरण निषिद्ध मानले, आणि म्हणूनच दुर्योधनाचा मृत्यू समोर दाखवणारे भासाचे ‘ऊरुभंग’ अपवाद म्हणून सांगितले जाते. ‘मॅकबेथ’मध्ये राजा डंकन आत मरतो, आपल्याला दिसतात ते बाहेर आलेले हात. चित्रकथेत ‘आत’ म्हणजे दोन चौकटींमधील मोकळी पट्टी. एका चौकटीत उचललेला हात आणि पुढच्या चौकटीत उघडे राहिलेले दार दाखवले, तर मधला वार वाचक स्वतःच्या मनात करतो आणि त्याची जबाबदारीही थोडीशी त्याच्याकडे जाते.

मात्र हा नियम आंधळेपणाने पाळू नका. ग्लॉस्टरचे डोळे शेक्सपिअरने प्रेक्षकांसमोरच काढायला लावले आहेत, कारण तिथे नजर वळवण्याची सोय त्याला ठेवायची नव्हती. संपूर्ण पुस्तकात असे एखादेच पान असावे.

तिसराही एक मार्ग आहे आणि तो नाशिककरांना सांगायला हवा असे नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. साऱ्यांचे लक्ष ज्या नाटकाकडे लागलेले होते, ते एका म्हाताऱ्याच्या लग्नाचे, आणि इतिहास घडला तो प्रेक्षकांच्या बाजूला. पान रचताना याचा उपयोग करा. मध्यभागी मोठ्या चौकटीत वरात, गणेशोत्सवाची आरास किंवा चहाच्या टपरीवरची गर्दी काढा आणि घात पानाच्या कडेला, लहानशा आकृतीत घडू द्या, इतका की पहिल्या वाचनात तो निसटावा. नाटकाचा प्रेक्षक मागे जाऊन पाहू शकत नाही, पुस्तकाचा वाचक पाहू शकतो, आणि तो मागे वळून पाने चाळू लागला की तुमचे काम साधले.

प्रश्न : एका जाणकारांनी सल्ला दिला की, तरुण वाचकांना इतका काळोख झेपणार नाही, तेव्हा धाकट्या मुलीला वाचवा आणि शेवटी आशेचा किरण दाखवा. मी ‘लिअर’वरच काम करणाऱ्या गटात आहे. हे करावे का?
— एक वाचक, महात्मानगर

उत्तर : हा सल्ला नवा नाही. नेहम टेट याने १६८१ मध्ये ‘लिअर’चा शेवट गोड केला, कॉर्डेलियाला जिवंत ठेवले, एवढेच नव्हे तर एडगरशी तिचे लग्नही लावून दिले, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे हीच आवृत्ती गाजत राहिली. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने मूळ शेवटासह नाटक पुन्हा उभे केले. गंमत अशी की, शेक्सपिअरच्या आधी याच कथेवर जे नाटक होते, त्यातही राजाला राज्य परत मिळते. म्हणजे गोड शेवट आधीचा आहे आणि तो मोडण्याचा निर्णय शेक्सपिअरने जाणून घेतलेला आहे. तुम्हाला गोड शेवट करायचा असेल तर अवश्य करा, परंतु मग पुस्तकाला शोकांतिकेचे रूपांतर म्हणू नका.

तुमच्या गटाची खरी अडचण दुसरीच असावी. धाकटी मरते कशाने? मूळ नाटकात एडमंड लेखी हुकूम देतो आणि पश्चात्तापाने तो मागे घेईपर्यंत उशीर झालेला असतो. आजच्या शहरात सोपा पर्याय म्हणून अपघात सुचतो: द्वारका चौकातील वाहतुकीच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकते वगैरे. तो घेऊ नका. अपघाताने दुःख होते, पण ते कोणाच्याही कृतीला जाऊन भिडत नाही. मरण बापाच्या सहीतून आले पाहिजे. उदाहरणार्थ, त्याने दिलेल्या कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोल खोदकाम सुरू आहे, मळ्यातल्या जुन्या घराची भिंत त्यामुळे खचली आहे आणि बापाला घेऊन जायला आलेली धाकटी त्या रात्री त्याच घरात थांबली आहे. ते कुलमुखत्यारपत्र वाचकाने सोहळ्याच्या पानावर पाहिलेले असेल, तर शेवटी एकही खुलासा करावा लागणार नाही. आणि ज्या पानावर बाप तिला उचलून आणतो, ते पान उलटल्यावरच, म्हणजे डाव्या हाताला येईल अशी पृष्ठरचना आधीपासून करा. समोरच्या पानावर डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते आधीच दिसले, तर सारी बांधणी वाया जाईल.

प्रश्न : शेक्सपिअरऐवजी मराठी नाटक घेतले, तर परवानगी लागते का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये आणि गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, त्यामुळे ‘एकच प्याला’ किंवा ‘ऑथेल्लो’वरून केलेले ‘झुंझारराव’ कोणालाही घेता येईल. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे भाषांतरही मोकळे आहे, त्यातील भाषा आजच्या फुग्यांत बसणार नाही, तो भाग वेगळा. कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या नाटकांवरील हक्क २००८ च्या अखेरीस संपले. शिरवाडकरांचे निधन १९९९ चे असल्यामुळे ‘नटसम्राट’वरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत राहील आणि त्याचे चित्ररूप करण्यासाठी हक्कधारकांची लेखी संमती घ्यावीच लागेल. ‘किंग लिअर’ला ती लागत नाही. मात्र कोणा हयात अनुवादकाची वाक्ये फुग्यांत वापरणार असाल, तर त्या अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो, तेव्हा एक तर त्यांना विचारा किंवा इंग्रजी संहिता समोर ठेवून संवाद स्वतः लिहा.